पाषाणवस्तू, त्यांचे संग्राहक आणि आपण
(कोलंबसपूर्व अमेरिकेच्या इतिहासातील एक प्रकरण)

परमेश्वराने यहोशवाला गारगोटीच्या सुऱ्या करावयास सांगितल्या, असे पवित्र शास्त्रात आपण वाचतो (यहोशवा ५:२). मोशेची पत्नी सिप्पोरा हिनेही धारदार गारगोटी घेऊनच आपल्या पुत्राची सुंता केली (निर्गम ४:२५). ही वचने धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण कितीतरी वेळा वाचून दाखविली असतील. परंतु सुरी दगडाची का, लोखंडाची का नव्हे, असा प्रश्न वाचणाऱ्याच्या वा ऐकणाऱ्याच्या मनात क्वचितच उठतो. सोळाव्या शतकात रोम येथे एका वाचकाच्या मनात तो उठला. आणि त्याचे उत्तर शोधताना त्याला साहाय्य झाले ते समुद्रापलीकडून, नव्यानेच ज्ञात झालेल्या अमेरिका खंडातून आलेल्या दगडी हत्यारांचे. कोलंबसपूर्व अमेरिकेतील पाषाणवस्तूंच्या संग्रहाचा इतिहास आपल्या वाचकांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटले त्याचे एक कारण हे. दुसरे कारण असे की, या इतिहासात पहिल्या दिवसापासून धर्मगुरूंचा हात आहे. आणि तो हात सर्वत्र सारखाच निर्मळ नाही.

१. व्हॅटिकनमधील वज्रशिला

युरोपातील शेतांत नांगराच्या फाळाला अधूनमधून घासलेल्या दगडी कुऱ्हाडी व बाणांची अग्रे लागत असत. विजेबरोबर त्या आकाशातून पडतात, अशी लोकांची समजूत होती. विद्वान मंडळी त्यांना ‘सेराउनिया’ म्हणजे वज्रशिला म्हणत. सामान्य जन त्या घरात ठेवीत, म्हणजे घरावर वीज पडत नाही. मिकेले मेर्काती (१५४१-१५९३) हे वैद्य व निसर्गविद्येचे अभ्यासक व्हॅटिकनच्या वनस्पतीउद्यानाचे प्रमुख होते. खनिजे व पाषाण यांचा मोठा संग्रह त्यांनी तेथे सिद्ध केला व त्याचे वर्णन करणारा ‘मेतालोथेका’ हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी असे प्रतिपादिले की, हे दगड आकाशातून पडलेले नसून लोखंड ज्ञात होण्यापूर्वीच्या माणसांनी गारगोटी फोडून केलेली ही हत्यारे आहेत. आधारासाठी त्यांनी प्राचीन लॅटिन ग्रंथकार व पवित्र शास्त्र यांच्याकडे पाहिले; आणि ज्या नव्या जगातील लोक अशीच हत्यारे अद्याप हाती वापरीत होते, तेथून आलेल्या वस्तूही त्यांच्या दृष्टीपुढे होत्या.

या वस्तू इटलीत आल्या कशा? बऱ्याच अंशी धर्मगुरूंच्या द्वारे. दोमिंगो दे बेतान्सोस या डोमिनिकन संघाच्या धर्मगुरूंनी १५३३ मध्ये बोलोन्या येथे परमगुरुस्वामी सातवे क्लेमेंट यांना मेक्सिकोतून आणलेल्या वस्तू अर्पण केल्या. त्यांत पाषाणाच्या सुऱ्याही होत्या.

मेर्काती यांचा ग्रंथ शंभराहून अधिक वर्षे हस्तलिखित स्वरूपात पडून राहिला व १७१७ मध्ये रोम येथे छापला गेला. पुढे १७२३ मध्ये आंत्वान द जुस्यू यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे अमेरिकेतील दगडी हत्यारांशी तुलना करून हेच मत मांडले. आणि १७२४ मध्ये कॅनडात सेवाकार्य केलेले येशूसंघीय धर्मगुरू लाफितो यांनी अमेरिकेतील मूलनिवासींच्या चालीरीती व प्राचीन जगातील चालीरीती यांची तुलना करणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तात्पर्य, युरोपला आपलाच विसरलेला पूर्वेतिहास अमेरिकेच्या दगडांमुळे ओळखू आला. पाषाणसंग्रहाच्या जमेच्या बाजूला हे ऋण प्रथम नोंदविले पाहिजे.

२. हत्यार आणि ताईत

या वस्तूंचे स्वरूप थोडक्यात ध्यानी घेणे अगत्याचे आहे. आपण हत्यार एका खणात व ताईत दुसऱ्या खणात ठेवतो. ज्यांनी त्या घडविल्या, त्यांच्या मनात असा भेद नव्हता.

कोस्टा रिका देशात सापडणारी हरिताश्माची, म्हणजे जेड या हिरव्या कठीण दगडाची पदके हे याचे उत्तम उदाहरण होय. त्यांचा खालचा भाग कुऱ्हाडीच्या पात्याचा असून वरच्या भागात पक्ष्याची वा मनुष्याची आकृती कोरलेली असते. गळ्यात बांधता यावे म्हणून त्यांस भोक पाडलेले असते. पुष्कळ पदके अखंड कुऱ्हाडीचे उभे दोन वा चार भाग कापून केलेली आहेत. हे काम दोरी व वाळू यांच्या साहाय्याने, घासून घासून, करावे लागे. ज्या कुऱ्हाडीने अरण्य तोडून शेत करावयाचे, तिचीच आकृती गळ्यात धारण करावयाची, असा हा भाव दिसतो. या जातीचा हरिताश्म कोस्टा रिकात मिळत नाही. त्या प्रदेशातील त्याची ज्ञात खाण ग्वाटेमालातील मोताग्वा नदीच्या खोऱ्यात आहे. म्हणजे हा दगड शेकडो मैलांचा प्रवास करून आलेला असे.

कॅरिबियन बेटांतील तायनो लोक ‘सेमी’ नामक पवित्र वस्तू बाळगीत. त्यांपैकी तीन टोकांचे दगड विशेष प्रसिद्ध आहेत. पेरूच्या डोंगराळ प्रदेशात घरोघरी ‘कोनोपा’ असत. हे लहान दगड कधी निसर्गतःच विचित्र आकाराचे वा रंगाचे, तर कधी मक्याच्या कणसाच्या, बटाट्याच्या किंवा लामा या जनावराच्या आकाराचे कोरलेले असत. लामाच्या आकृतीच्या पाठीत एक खळगा असे व त्यात चरबी आणि कोकाची पाने ठेवीत.

जुन्या पाषाणवस्तू जमविण्याची हौसही युरोपीयांनीच प्रथम केली असे नव्हे. मेक्सिको शहरात १९७८ पासून एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली अॅझ्टेकांच्या महामंदिराचे उत्खनन झाले. त्यात अर्पण केलेल्या वस्तूंमध्ये एक ओल्मेक मुखवटा सापडला. अॅझ्टेकांनी तो पुरला तेव्हाच तो सुमारे दोन सहस्र वर्षांचा जुना होता. दूरच्या व लोप पावलेल्या लोकांच्या दगडी वस्तू अॅझ्टेक लोक आणवीत आणि देवापुढे ठेवीत. जुन्या दगडाविषयीचा आदर त्या भूमीत कोलंबसाच्या फार पूर्वीचा आहे.

३. शेतात पुरलेल्या प्रतिमा

या वस्तूंविषयी युरोपीय भाषेत पहिले सविस्तर लेखन केले ते रामोन पाने या धर्मबंधूंनी. संत जेरोमच्या संघातील हे साधे तपस्वी कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीबरोबर हिस्पानियोला बेटावर, म्हणजे आजच्या हैती व डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या भूमीवर, आले. कोलंबसाच्या आज्ञेवरून ते तायनो लोकांत राहिले, त्यांची भाषा शिकले आणि त्यांच्या समजुतींचा वृत्तांत त्यांनी सुमारे १४९८ पर्यंत लिहून पुरा केला. मूळ स्पॅनिश प्रत नष्ट झाली. १५७१ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या कोलंबसाच्या चरित्राच्या इटालियन अनुवादात तो वृत्तांत समाविष्ट होता, म्हणून आपणांस तो उपलब्ध आहे. सेमी कशाचे करतात, कोणी सांगितल्यावरून करतात, त्यांची नावे काय, तीन टोकांचे सेमी युकाचे पीक वाढवितात अशी समजूत कशी आहे, हे सर्व पाने यांनी नोंदविले. पिकासाठी, स्त्रियांच्या सुलभ प्रसूतीसाठी आणि ऊन-पावसासाठी निरनिराळे दगड असत, हेही त्याच चरित्रातून कळते.

याच वृत्तांतात एक दुःखद प्रसंग आहे. ग्वारिओनेक्स या नायकाच्या प्रदेशातून पाने दुसरीकडे गेले असता, काही तायनो पुरुषांनी प्रार्थनागृहातील ख्रिस्ती प्रतिमा उचलून नेल्या, शेतात पुरल्या व त्यांवर मूत्रविसर्जन करून, आता पीक उत्तम येईल, असे उद्गार काढले. कोलंबसाचा बंधू बार्तोलोमे याच्या कानी ही वार्ता गेली. त्याने चौकशी करून त्या पुरुषांना सर्वांसमक्ष जिवंत जाळले.

पाने यांनी हे कृत्य प्रतिमांची विटंबना म्हणूनच सांगितले आहे. परंतु त्यांनीच इतरत्र लिहिलेली माहिती शेजारी ठेवून पाहिली म्हणजे वेगळाच अर्थ संभवतो, असे पुढील काळातील अभ्यासकांनी दाखविले आहे. पिकासाठी पवित्र दगड शेतात पुरावा, ही त्या लोकांची रीत होती. नव्या धर्माच्या प्रतिमांनाही त्यांनी आपल्या परीने तेच स्थान दिले असावे. त्यांच्या दृष्टीने तो मान असू शकेल. हा अर्थ निर्विवाद आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या पुरुषांना, तुम्ही हे का केले, असे त्यांच्या भाषेत कोणी विचारल्याचे वृत्तांतात दिसत नाही. ज्याला विचारता आले असते, तो भाषा जाणणारा धर्मबंधू तेथून निघून गेला होता. एका न विचारलेल्या प्रश्नाचे मोल किती असू शकते, हे नव्या जगातील धर्मप्रसाराच्या अगदी आरंभीच्या या प्रसंगावरून दिसते.

४. पेरूतील मोजदाद

यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी पेरूमध्ये जे घडले, ते मात्र अजाणतेपणी घडले नाही. तेथे प्रश्न विचारले गेले. बारकाईने, क्रमवार, ठरावीक प्रश्नावलीने विचारले गेले. परंतु ते शोधून नष्ट करण्यासाठी.

लिमाच्या पूर्वेस वारोचिरी प्रांतात सान दामियान येथे फ्रान्सिस्को दे आविला हे धर्मगुरू होते. १६०७ मध्ये त्यांच्याच धर्मग्रामस्थांनी त्यांच्याविरुद्ध तक्रार गुदरली. त्यानंतर लवकरच आविला यांनी आपल्या लोकांमध्ये गुप्तपणे चालणारी जुनी उपासना उघडकीस आणण्याची मोहीम आरंभिली. आणि २० डिसेंबर १६०९ रोजी लिमाच्या चौकात, गोळा केलेल्या पूज्य वस्तू व पूर्वजांची सुकवून जतन केलेली शरीरे यांची जाहीर होळी झाली. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध काय, याविषयी इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. वाचकांनी आपला निष्कर्ष काढावा.

या मोहिमेचे नियमपुस्तक लिहिले ते पाब्लो होसे दे आरियागा या येशूसंघीय धर्मगुरूंनी. ‘पेरूमधील मूर्तिपूजेचे निर्मूलन’ हा त्यांचा ग्रंथ १६२१ मध्ये लिमा येथे छापला गेला. त्यात त्यांनी हिशेब दिला आहे. फेब्रुवारी १६१७ ते जुलै १६१८ या सुमारे दीड वर्षात ५,६९४ जणांनी पापनिवेदन केले. जुन्या धर्माचे सहाशेहून अधिक पुजारी उघडकीस आले. ६०३ मुख्य ‘वाका’, म्हणजे गावाची पवित्र दैवते, काढून टाकण्यात आली. आणि घराघरांतून ३,४१८ कोनोपा हस्तगत करण्यात आल्या.

या शेवटच्या आकड्यापाशी आम्ही थांबतो. कोनोपा म्हणजे काय, हे आरियागा यांच्याइतके स्पष्ट कोणीच सांगितलेले नाही. ते म्हणतात की, ही त्या लोकांची गृहदैवते होत. कुस्को भागात त्यांना ‘चांका’ म्हणतात. ती पित्याकडून पुत्राकडे येतात आणि भावांमध्ये ज्येष्ठाकडे राहतात. देव्हाऱ्यातील टाक थोरल्या घरी ठेवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याहून अधिक स्पष्टीकरण नको. म्हणजे ३,४१८ कोनोपा म्हणजे कितीतरी घरे. आणि प्रत्येक घरी मूठभर आकाराचा एक दगड, जो आजोबांच्या, पणजोबांच्या हातून आला होता. तो कोणाच्या शेतात सापडला, कोणत्या दुष्काळात त्याला काय वाहिले, त्याचे घरगुती नाव काय, हे त्या घरातील थोरल्यालाच ठाऊक असणार. चौकशी करणाऱ्यापुढे हे सर्व सांगितले गेले असेल. ग्रंथात मात्र बहुतेकांच्या वाट्याला एकेक आकडाच आला. दगड फोडले, जाळले, दूर फेकून दिले.

आरियागा हे लोभी वा क्रूर गृहस्थ नव्हते. आपण आत्म्यांच्या तारणासाठी झटत आहोत, याबद्दल त्यांच्या मनात संदेह नव्हता. १६२२ मध्ये युरोपकडे जाताना त्यांचे जहाज बुडाले व त्यात त्यांचा अंत झाला. त्यांचा ग्रंथ मात्र राहिला. आणि संग्रहालयातील लामाकृती दगडाचा उपयोग काय, हे आज ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याला, ज्याने असे दगड फोडविले त्याचाच ग्रंथ उघडावा लागतो. आविला यांच्याबाबतीतही हेच घडले. त्यांच्या मोहिमेच्या निमित्ताने, सुमारे १६०८ च्या सुमारास, वारोचिरी प्रांतातील दैवतकथा केचुआ भाषेत लिहिल्या गेल्या. लेखकाचे नाव हस्तलिखितात स्पष्ट नाही; परंतु तो त्या भूमीचाच पुत्र असावा. ते हस्तलिखित आविला यांच्या कागदपत्रांत राहिले व आज माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. वसाहतीच्या आरंभकाळातील केचुआ भाषेत मूळच्या धर्माचे इतके विस्तृत वर्णन दुसरीकडे कोठेही नाही.

हे वाचताना मराठी वाचकाला राशोलची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पेरूत आरियागा कोनोपा मोजीत होते त्याच सुमारास, १६१६ मध्ये, त्यांच्याच येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राशोल येथे छापले गेले. ज्या सासष्टीत १५६७ मध्ये देवळे पाडण्यात आली होती, तेथेच पुढच्या पिढीतील एका धर्मगुरूने मराठी ओवीत प्रभूची कथा गायिली. जुन्या हिंदू पुराणकथांची मराठी हस्तलिखितेही याच मिशनरी मंडळींनी रोमन लिपीत उतरवून घेतली. ती आज पोर्तुगालमध्ये ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. खंडन करण्यासाठी जे लिहून घेतले, तेच जतन झाले. पेरू आणि गोवा येथील ही साम्ये आम्हांस योगायोगाची वाटत नाहीत. लोकांचे म्हणणे त्यांच्याच भाषेत लिहून घेण्याची शिस्त त्या पिढीतील धर्मगुरूंच्या अंगी होती. हेतू कोणताही असो, त्या शिस्तीचे फळ टिकले. होळीने साधले काय, हे सांगणे कठीण आहे. कारण पेरूच्या डोंगरांतील मेंढपाळ अशा लहान दगडी मूर्ती जनावरांच्या कल्याणासाठी विसाव्या शतकातही बाळगीत होते. पेरूचे मानववंशशास्त्रज्ञ होर्हे फ्लोरेस ओचोआ यांनी १९७० च्या दशकात त्यांचे वर्णन केले आहे.

५. संग्राहकांचे युग

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. दगड फोडणारे गेले व दगड विकत घेणारे आले. माइनर कीथ या अमेरिकन उद्योगपतीने कोस्टा रिकात लोहमार्ग बांधला व केळीचे मळे उभारले. लास मेर्सेदेस येथील त्याच्या मळ्याच्या जमिनीत प्राचीन दफनभूमी लागली. तेथून आणि अन्यत्रहून त्याने सोने, हरिताश्म व पाषाणशिल्पे यांचा प्रचंड संग्रह केला. तो आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत विभागलेला आहे. त्याच लास मेर्सेदेस येथे १८९६ मध्ये कार्ल हार्टमन या स्वीडिश अभ्यासकाने उत्खनन केले. त्याने थडग्यांचे आराखडे काढले, कोणती वस्तू कोठे होती हे लिहिले आणि १९०१ मध्ये ते प्रसिद्ध केले. कीथचा संग्रह कितीतरी मोठा. परंतु अभ्यासकाला अधिक सांगते ते हार्टमनचे पुस्तक.

असे का, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. मेक्सिकोतील ला व्हेन्ता येथे १९५५ मध्ये उत्खनकांना वाळूत पुरलेल्या सोळा लहान मनुष्याकृती व सहा लांबट पाषाणपाती आढळली. पाती रांगेने उभी केलेली होती. त्यांना पाठ देऊन एक आकृती उभी होती. तिचा दगड इतरांहून वेगळा व खडबडीत होता. आणि बाकीच्या हरिताश्माच्या वा तत्सम दगडाच्या आकृती तिच्याभोवती जमून तिच्याकडे पाहत होत्या. ती सभा होती की विधी होता की न्यायनिवाडा, हे आपणांस ठाऊक नाही. पण काहीतरी चालले होते खास. एवढेच नव्हे, तर पुरल्यानंतर बऱ्याच काळाने कोणीतरी नेमक्या त्याच जागी वरून खड्डा खणून, आकृती जागच्या जागी आहेत एवढे पाहून, खड्डा पुन्हा बुजविल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे त्या जागेची नोंद कोणीतरी ठेवली होती. आता कल्पना करावी की, हा ठेवा प्रथम एखाद्या चोरट्या खणणाऱ्याच्या हाती लागला असता. सोळा मनुष्याकृती सोळा घरी गेल्या असत्या, प्रत्येक सुंदर दिसली असती आणि ती खडबडीत आकृती कदाचित कोणी विकतही घेतली नसती. सभा मात्र कायमची मोडली असती.

अमेरिका खंडातील असंख्य थडग्यांचे असेच झाले आहे. चोरून खणणाऱ्याला स्पॅनिशमध्ये ‘वाकेरो’ म्हणतात. हा शब्द ‘वाका’ या केचुआ शब्दावरून आला आहे. ज्या शब्दाने त्या लोकांनी पवित्राचा निर्देश केला, त्यातूनच थडगी लुटणाऱ्याचे नाव सिद्ध व्हावे, यावर अधिक भाष्य नको.

स्थळाची नोंद नसलेल्या वस्तूंच्या बाजारात खोटेपणा सहज शिरतो. प्राचीन मेक्सिकोतील म्हणून स्फटिकाच्या कवट्या युरोपात विकल्या गेल्या. त्यांपैकी काहींचा माग युजेन बोबान या फ्रेंच व्यापाऱ्यापर्यंत जातो. ब्रिटिश म्युझियमने अशी एक कवटी १८९७ मध्ये घेतली व पुष्कळ वर्षे ती लोकांना दाखविली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षणात तिच्यावर फिरत्या चाकाने घासल्याच्या खुणा आढळल्या. असे चाक कोलंबसपूर्व कारागिरांपाशी नव्हते. नामांकित संग्रहालयांची ही गत, तर हौशी संग्राहकाचे काय सांगावे?

संग्राहकांनी काही चांगले केलेच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कोस्टा रिकातील राष्ट्रीय विमा संस्थेने देशाचा ठेवा परदेशी जाऊ नये म्हणून हरिताश्माच्या वस्तू विकत घेऊन १९७७ मध्ये सान होसे येथे संग्रहालय उघडले. वस्तू वाचल्या. परंतु त्यांपैकी बहुसंख्य वस्तू कोणत्या थडग्यातील, कोणाच्या उराशी होत्या, हे आज सांगता येत नाही. १९७० मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापाराविरुद्ध करार संमत केला. मेक्सिकोने १९७२ मध्ये आणि कोस्टा रिकाने १९८१ मध्ये कडक कायदे केले. पुढे व्यापार अवैध ठरला, तरी गेलेली नोंद परत येत नाही.

६. आपला हिशेब

पवित्र नगरीचाही या हिशेबात भाग आहे. १९२५ च्या पवित्र वर्षात व्हॅटिकनमध्ये मिशनकार्याचे भव्य प्रदर्शन भरले व जगभरच्या धर्मप्रांतांतून एक लाखाच्या वर वस्तू तेथे आल्या. त्यांतूनच व्हॅटिकनचे मानववंशविषयक संग्रहालय सिद्ध झाले. त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने आलेली पेरूतील तीन प्राचीन शवे परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये पेरूला परत दिली. मार्च २०२३ मध्ये तथाकथित ‘शोधाधिकाराचा सिद्धांत’ ख्रिस्तसभेच्या शिकवणीचा भाग नाही, असे व्हॅटिकनने जाहीर केले; आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये, परक्याच्या वस्तू परत करण्याचा प्रश्न हा सातव्या आज्ञेचा प्रश्न आहे, असे परमगुरुस्वामींनी वार्ताहरांना सांगितले. चोरी करू नको, ही आज्ञा आपण मुलांना शिकवितो. संग्रहालयाच्या कपाटालाही ती लागू होते, हे आता आपणांस शिकावयाचे आहे.

हा विषय दूरदेशीचा म्हणून सोडून देता आला असता, तर आम्हांस बरे वाटले असते. परंतु आपल्या लोकांतही दगड पुजले जातात आणि ते कधीकधी आपल्याच हाती येतात. उत्तर भारतात बांदा जिल्ह्याच्या परिसरात पिंपळाखाली महादेव म्हणून पुजलेल्या दगडांत नवाश्मयुगीन कुऱ्हाडी असल्याचे एकोणिसाव्या शतकातच अभ्यासकांच्या लक्षात आले होते. आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. सीमाभागातील एका धर्मग्रामात नव्याने सेवेस लागलो असताना एका वृद्ध मातेने, स्नानसंस्कारानंतर, लाल फडक्यात बांधलेले चार तांदळे आमच्यापुढे आणून ठेवले. “फादर, आता हे घरात नकोत,” एवढेच ती म्हणाली. आम्ही तिला आशीर्वाद दिला आणि त्याच सायंकाळी शेंदूर लावलेले ते दगड नदीत सोडले. दोन वर्षांनी ती माता प्रभूकडे गेली. अंत्यविधीनंतर तिच्या नातवाने विचारले, “आजीचे ते दगड कुठून आले होते? ती म्हणायची, आम्ही मूळ ज्या गावाहून आलो तिथले आहेत. तुम्हांला तिने गावाचे नाव सांगितले का?” आम्ही तिला विचारलेच नव्हते. त्या घराच्या मूळ गावाचे नाव आता कोणालाही ठाऊक नाही.

आरियागांवर टीका लिहिताना हा नातू आमच्या डोळ्यांपुढे आहे. त्यांनी निदान विचारले आणि लिहिले. आम्ही तेही केले नाही.

मूर्तिपूजेविषयीची आपली शिकवण सैल करावी, असा आमचा अभिप्राय नाही, हे कोणी चुकीचे घेऊ नये. याकोबाने आपल्या घरच्यांजवळचे परके देव मागून घेतले, ते योग्यच होते. परंतु त्याने ते फोडले वा विकले असे शास्त्र सांगत नाही. शखेमजवळच्या एला वृक्षाखाली त्याने ते पुरले, आणि ते स्थळ शास्त्रात नोंदले गेले (उत्पत्ती ३५:४). राहेलीने उंटाच्या खोगिराखाली लपविलेल्या गृहदेवतांची कथाही (३१:१९, ३४) शास्त्राने वगळलेली नाही. पवित्र लेखकांना त्या दैवतांविषयी श्रद्धा नव्हती. तरीही ती कोणाची, कोठून आली व कोठे गेली, हे त्यांनी लिहून ठेवले.

म्हणून आमची धर्मगुरू व धर्मशिक्षक बांधवांना विनंती एवढीच की, आपल्या धर्मग्रामाच्या दप्तरात, स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या नोंदवह्यांशेजारी, एक साधी वही ठेवावी. एखादे कुटुंब असा दगड, टाक वा ताईत स्वेच्छेने आपल्याकडे आणील, तेव्हा तो ठेवून घेण्यापूर्वी त्यांना बसवून विचारावे : हा कोणाकडून आला, कोठून आला, घरात याला काय म्हणत, कोणत्या दिवशी बाहेर काढीत. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहावी. शेतात वा थडग्यात जुनी वस्तू सापडली, तर ती उचलून आपल्या टेबलावर शोभेला ठेवू नये. जागा लिहून जाणकारांना कळवावे. आणि असा दगड कोणी पाहुणा किंमत देऊन मागू लागला, तर तो आपला नव्हे, एवढे लक्षात ठेवावे.

तांदळ्यांच्या त्या घरी आम्ही नंतर पुन्हा गेलो. नातवाला आजीच्या बोलण्यातले जे काही आठवत होते, दोन ओव्या, एका ओढ्याचे नाव, एका चुलत घराण्याचे आडनाव, ते लिहून घेतले. आमच्या वहीचे पहिले पान तेच आहे.